आत्याबाईंचा संगणक

आमच्या आत्याबाई वाईस असतात. त्यांचें वय ७२ वर्षांचें असून यजमानांच्या पश्चात् त्या घरांत एकट्याच राहतात. माजघरांत, देव्हाऱ्यापासून चार हातांवर, त्यांचा संगणक आहे; तो २०१४ सालीं घेतलेला. २०२५ सालीं दिवाळीच्या तोंडावर त्यांचा आम्हांस फोन आला. “अरे, पडद्यावर इंग्रजी पाटी येते. आधार संपला म्हणते. हें आतां बंद पडणार का रे?” एका दुकानदारानें यंत्र तपासून, ‘भंगार झालें, नवें घ्या,’ असा निकाल दिला होता व ४०,००० रुपयांचा आंकडा चिठ्ठीवर लिहून दिला होता. एवढी रक्कम म्हणजे आत्याबाईंचें तीन महिन्यांचें निवृत्तिवेतन.

पाटी खोटी नव्हती. विंडोज १० या प्रणालीस सुरक्षेच्या दुरुस्त्या पुरविण्याचें काम मायक्रोसॉफ्ट कंपनीनें १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबविलें. वर्षभराची वाढीव सोय देऊं केली होती, परंतु ती वर्षभराचीच. एवढ्यानें यंत्र कांहीं बंद पडत नाहीं. मात्र पुढें प्रणालींत एखादें भगदाड सांपडलें तर तें बुजविणारा कोणी उरत नाहीं, आणि ज्या यंत्रावरून पैसे भरावयाचे त्याच्या बाबतींत हें चालवून घेण्याजोगें नव्हे. विंडोज ११ घालावें तर तिला टी. पी. एम. २.० नांवाची सुरक्षेची सोय व इंटेलचा असल्यास आठव्या पिढीचा तरी प्रोसेसर लागतो. आत्याबाईंच्या यंत्रांतला चौथ्या पिढीचा.

तेव्हां नवा लॅपटॉप मनांत नक्की करूनच आम्ही एस. टी.मध्यें बसलों. १६ जी. बी. रॅम, हलकें वजन, उत्तम कॅमेरा. यादी मोठी सुरेख झाली होती. ती आम्हांस हव्या असलेल्या यंत्राची यादी होती, हें मात्र ध्यानांत आलें नव्हतें. आत्याबाईंनीं चहा पुढें ठेवला आणि “आधीं मी काय करतें तें तर बघ,” म्हणून त्या यंत्रापुढें बसल्या.

नागपूरच्या लेकीशीं रविवारीं बोलणें, महिन्याचें वीजबिल भरणें आणि मराठी विश्वकोश वाचणें, हीं त्यांचीं कामें. विश्वकोशाचें काम त्यांच्याच गांवांत चाललें, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी त्याचे प्रमुख संपादक होते, म्हणून त्यांस तो घरचाच वाटतो; रोज एक नोंद वाचल्यावांचून त्या निजत नाहींत. चौथें काम आम्हांस ठाऊक नव्हतें. आपल्या आईच्या तोंडून ऐकलेल्या जात्यावरच्या ओव्या त्या आठ वर्षें टंकून ठेवीत होत्या. ४०० हून अधिक झाल्या होत्या. त्यांची दुसरी प्रत कोठेंही नव्हती.

यंत्र सुरू व्हावयास सात मिनिटें लागलीं, आणि तेवढा वेळ हार्ड डिस्कमधून ‘कट् कट्’ असा आवाज येत होता. फिरत्या तबकडीवरची माहिती वाचणारा दांडा ठेचाळूं लागला म्हणजे असा आवाज येतो. तो कानीं पडतांच दुसरें कोणतेंही काम न करितां आधीं नक्कल करून घ्यावी, हें आम्हीं इतरांस अनेकदां सांगितलें आहे. (विद्यार्थिमित्रांनीं आपल्या आजी-आजोबांचें यंत्र एकदां कान देऊन ऐकावें.) हाच आवाज आम्हीं मे महिन्यांत त्याच माजघरांत ऐकला होता, आणि ‘म्हातारें झालें यंत्र,’ म्हणून हंसलों होतों.

पेन ड्राइव्हवर ओव्या उतरूं लागल्या. महिन्याला एक फाइल असा त्यांचा क्रम. श्रावणांतली, म्हणजे आमच्या त्या भेटीनंतरची, फाइल कांहीं केल्या वाचली जाईना. चार वेळां प्रयत्न केला. रात्रभर यंत्र बंद ठेवून पहांटे पुन्हां लावून पाहिलें. आत्याबाई दारांत उभ्या होत्या. बोलल्या कांहींच नाहींत. त्या फाइलींत अकरा ओव्या होत्या. शेवटीं आम्ही कागद घेऊन बसलों व त्या आठवून सांगूं लागल्या. सात आल्या. उरलेल्या चारांतील एकीचा पहिला चरण तेवढा त्यांस सांपडला. तो त्या दिवसभर गुणगुणत होत्या. निकामी डिस्कवरूनही माहिती काढून देणारे कारागीर असतात, त्यांस दाखवावी म्हणून ती जुनी डिस्क आम्हीं जपून ठेविली आहे.

मग दुरुस्ती. हार्ड डिस्कच्या जागीं २५६ जी. बी. ची एस. एस. डी. घातली, हिच्यांत फिरणारें असें कांहींच नसतें. रॅम चाराची आठ जी. बी. केली. मदरबोर्डवरील नाण्याएवढी, ३ व्होल्टची सी. आर. २०३२ बॅटरी बदलली. या बॅटरीची एक गंमत आहे. यंत्राची वीज तोडल्यावर आंतलें घड्याळ हीच चालविते. आत्याबाई रात्रीं भिंतीवरचें बटण न चुकतां बंद करितात, त्यामुळें रोज सकाळीं यंत्राच्या लेखीं २०१४ साल उजाडे. आणि संकेतस्थळांच्या ओळखपत्रांस ठराविक मुदत असल्यामुळें, २०२५ सालीं दिलेलें ओळखपत्र २०१४ सालीं खरें मानावयास यंत्र तयार होईना. वीजबिलाचें पान उघडत नव्हतें तें एवढ्याचसाठीं. याच तक्रारीवर पूर्वीं कोणा दुरुस्तीवाल्यानें ‘व्हायरस काढल्याचे’ ६०० रुपये घेतले होते! आमचा एकंदर खर्च ३,४०० रुपये झाला.

प्रणाली म्हणून लिनक्स मिंट घातली. ती विनामूल्य असून जुन्या यंत्रावर बरी चालते. कचेरीच्या डिजिटल सहीसारखीं कांहीं कामें तिच्यावर अडतात, तेव्हां ज्यांस तीं लागतात त्यांनीं हा मार्ग धरूं नये. त्यांनीं नवें घेतांना निदान ८ जी. बी. रॅम व एस. एस. डी. आहे एवढें पाहावें. बाकीची झगमग दुकानाची.

सर्व नीट झालें अशा समजुतीनें आम्हीं आत्याबाईंस खुर्ची दिली. यंत्र अर्ध्या मिनिटांत सुरू झालें. त्यांनीं बोटें ठेवलीं, आणि पडद्यावर भलतेंच उमटलें. आम्हीं आमच्या संवयीचा, रोमन अक्षरांवरून मराठी उमटविणारा कीबोर्ड बसविला होता. “हें सोपें आहे, आत्याबाई,” आम्ही म्हणालों, “इंग्रजी अक्षरें दाबा, मराठी आपोआप होतें.”

“मला मराठी मराठींतच येतें रे,” त्या म्हणाल्या.

त्यांच्या बोटांत इन्स्क्रिप्ट होतें: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनें. भारतीय लिप्यांचा हा प्रमाण कीबोर्ड त्या कोणाच्याही शिकवणीवांचून, एकेक कळ चांचपीत शिकल्या होत्या. आम्हांस तो येत नाहीं. मांडणी बदलावयास दोन मिनिटें लागलीं. दर महिन्याची फाइल आम्हांस पाठवावयाची असा करार करून आम्ही परतलों.

डिसेंबरांत त्यांची ई-मेल आली. हरवलेल्या चारांतली एक ओवी भाजी निवडतांना अवचित आठवली, ती फाइलींत पहिली घातली होती. खालीं लिहिलें होतें: ‘पडद्यावरचीं अक्षरें बारीक दिसतात. पुढच्या खेपेस येशील तेव्हां मोठीं करून दे.’