पुरुषांसाठी काहीतरी करा

मला मिळालेल्या फाइलवर ‘जेंडर’ असं लिहिलं होतं आणि आत सगळ्या बायका होत्या. बचत गट, किशोरी मेळावे, बाळंतिणींची काळजी. समाजकार्याची पदवी घेऊन अमरावती जिल्ह्यातल्या एका छोट्या संस्थेत मी नुकतीच रुजू झाले होते. वरिष्ठ म्हणाले, “यंदा पुरुषांसाठी काहीतरी करा. मानसिक आरोग्याचं. आराखडा तुम्हीच आखा.” आराखड्यात नेमकं काय लिहितात, हेही मला धड ठाऊक नव्हतं.

निकड मात्र कळत होती. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली. त्यांत दर दहांत सातांहून जास्त पुरुष. राज्यांमध्ये महाराष्ट्र पहिला, २२,७४६.

पहिला पेच पडला तो वेळेचा. बायकांची बैठक दुपारी, समाजमंदिरात. गावातली आरोग्य कार्यकर्ती, म्हणजे आशाताई, घरोघर जाऊन बोलावते. पुरुषांना कोण बोलावणार? दिवसभर ते शेतात, संध्याकाळी पानठेल्यावर, आणि शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असली की रात्री ओलिताला. सोयाबीन निघायच्या दिवसांत तर सभा ठेवायचीच नाही. कोतवालाला विचारलं, तर तो हसलाच. “डोक्याच्या आजाराची मीटिंग म्हटलं तं कोनी येनार नाही, ताई. आन जो येईल, त्याले सारं गाव पागल म्हनते.”

मग मी प्रश्नावली घेऊन एकेकाकडे जायला लागले. पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्य ओळखण्यासाठी गेल्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न. उदास वाटतं का? “नाही.” कशात रस वाटत नाही, असं होतं का? “कायचा रस? कामच इतकं हाये.” झोपेचं विचारलं तेव्हा मात्र एक गृहस्थ थांबेचनात. रात्री मधेच जाग येते, मग पीककर्जाचा हप्ता, पोरीची फी, छातीत धडधड. तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “चिडचिडीचं इचारा ना त्याइले!” मी कागद वरपासून खालपर्यंत पाहिला. चिडचिडीचा प्रश्नच नव्हता.

पुढे वाचताना हे कोडं थोडं उलगडलं. स्वीडनच्या गोटलँड बेटावर १९८३-८४ मध्ये डॉक्टरांना नैराश्य ओळखायचं प्रशिक्षण दिलं होतं. आत्महत्या घटल्या, पण जवळजवळ सगळी घट बायकांमध्ये. पुरुष एक तर दवाखान्यात येत नव्हते, आणि आले तरी नैराश्य त्यांच्या रागात, दारूत, थकव्यात दडलेलं असे. म्हणून तिथल्या संशोधकांनी पुरुषांसाठी वेगळी प्रश्नावली केली. तिच्यात चिडचिडही आहे आणि दारूही. गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेने दुसऱ्या टोकापासून सुरुवात केली. प्राथमिक आरोग्य केंद्रात भलत्याच तक्रारीसाठी आलेल्या पुरुषांना पिण्याबद्दल विचारायचं आणि पुढच्या मोजक्या बैठका डॉक्टरांऐवजी प्रशिक्षण घेतलेल्या साध्या समुपदेशकांनी घ्यायच्या. २०१७ साली छापून आलेल्या त्यांच्या चाचणीत ३७७ पुरुष होते आणि समुपदेशन मिळालेल्यांपैकी अधिक जण त्रासदायक पिण्यातून बाहेर आले. मला त्यातली एकच गोष्ट हवी होती: माणूस ज्या कारणासाठी आलेला असतो, तिथूनच बोलायला लागायचं.

एवढं हाती आल्यावर संस्थेत पोस्टरवरून वाद झाला. एका सहकाऱ्याने घोषवाक्य आणलं, ‘खरा मर्द मदत मागतो’. मला ते पटेना. हप्ता थकल्यामुळे आधीच चारचौघांत मान खाली घालणाऱ्या माणसाला आपण मर्दपणाची आणखी एक परीक्षा देतोय. सहकारी म्हणाला, “निदान तो वाचेल तरी. तुमचं सौम्य पोस्टर कोण वाचणार?” त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, हे मला आजही नाकारता येत नाही. शेवटी आम्ही पोस्टरच काढलं नाही. कृषी सेवा केंद्रातून बियाण्याबरोबर खताचं वेळापत्रक द्यायचं आणि त्याच्या मागच्या बाजूला झोप न येण्याबद्दल नि चिडचिडीबद्दल चार ओळी आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर. बैठकीचं नाव ‘पीककर्जाचं पुनर्गठन’. बँकेचे साहेब आधी बोलतील, आमचा समुपदेशक शेजारी बसून राहील आणि मग एकेकाशी बाजूला बोलेल.

मसुदा वाचून दाखवला तेव्हा सगळे खूश होते. एक वयस्कर आशाताई तेवढ्या गप्प होत्या. मग म्हणाल्या, “म्याडम, नैराश्यात चिडचिड होते, असं छापून द्याल तुमी. तो कागद खिशात घालून तो घरी जाईल, बायकोले मारंल, आन कागद दाखवंल. मंग?”

खोलीत कुणाकडेच उत्तर नव्हतं. आम्ही जमवलेल्या वाचनात पुरुषाच्या दुःखावर बरंच होतं. त्या दुःखाची झळ बसणाऱ्या बाईवर फार थोडं. मग पत्रकात भर घातली: राग हे त्रासाचं लक्षण असू शकतं, हात उचलणं मात्र गुन्हा आहे. दोन्ही वाक्यं एकाच बाजूला, सारख्याच ठळक अक्षरांत, म्हणजे एकाची घडी घालून दुसरं तेवढं दाखवता येणार नाही. शिवाय ज्या घरातला पुरुष समुपदेशकाशी बोलायला लागेल, त्या घरातल्या बाईला आशाताई वेगळं भेटतील, नवरा घरी नसताना. गृहभेट लसीकरणाच्या निमित्ताने, म्हणजे कुणाला संशय नको.

ही भेट आशाताईंच्या कामांच्या यादीत नाही, त्यामुळे तिचा मोबदलाही नाही. तो मी आमच्या अंदाजपत्रकात धरला आहे. अजून मंजूर झालेला नाही.