बूट आणि चाल

आम्ही नेरळकर. पाहुणे हमखास विचारतात, "माथेरान चढायला कोणते बूट घ्यावेत हो?" मी विचारतो, "तुम्ही चालता कसे?" पाहुणे दुखावतात. पण टाचा आपटत उतरणाऱ्याला जाड सोल हवा. बकरीसारखा जपून पाय टाकणाऱ्याला पातळच बरा, खालचा दगड कळतो. उतरताना पाय पुढे सरकतो, म्हणून अंगठ्यापुढे बोटभर जागा हवीच. नाहीतर नख गेलं म्हणून समजा. लाल मातीला खोल खाचा, पेबच्या कोरड्या कातळाला मऊ रबर. शेवाळावर मात्र कुठलाच बूट धरत नाही, तिथं आपणच कारवी धरायची. सगळीकडे चालेल असा एकच जोड मागणाऱ्याला मी १९०७ सालची झुकझुकगाडी सुचवतो. नेरळहून तीही पावसाळ्यात चढत नाही!