काशीला गेल्यावर मुक्काम सारनाथला

बुद्धस्थळांच्या यात्रेला निघणाऱ्या आपल्या कुटुंबांपुढे पहिला प्रश्न पैशाचा असतो आणि दुसरा रजेचा. तिसरा प्रश्न मुक्कामाचा. त्याचा विचार गाडी स्टेशनात शिरेपर्यंत सहसा कोणी करीत नाही. बुद्धगया, कुशीनगर ही गावे लहान आहेत, उतरले की विहार समोरच असतात. वाराणसीचे तसे नाही. ते आधीच दाटीवाटीचे शहर आहे. त्यात डिसेंबर २०२१ मध्ये काशी विश्वनाथाचा नवा रस्ता व प्रांगण खुले झाल्यापासून तिथली गर्दी आणि खोल्यांचे भाव दोन्ही वाढत गेले आहेत. २०२५ च्या प्रयागराज कुंभमेळ्यात तर तिकडची माणसे लोंढ्याने इकडे वळली आणि घाटांकडच्या गल्ल्यांतून चालणे कठीण झाले.

आपण काशीला जातो ते सारनाथसाठी. तरीही बहुतेक मंडळी कँट स्टेशनवर उतरतात, तिथल्याच लॉजवर नाही तर गोदौलियाकडे खोली घेतात, आणि सारनाथला दुपारी दोन तासांची धावती भेट देऊन परततात. माझे म्हणणे उलट आहे. मुक्काम सारनाथला करावा आणि काशी एका दिवसात पाहून यावी. अंतर आठ-दहा किलोमीटरचे आहे. पांडेपूर, पहाडिया, आशापूर अशा वाटेने सामायिक रिक्षा मिळतात, एखाद वेळी आशापूरला रिक्षा बदलावी लागते एवढेच.

यात पैसे वाचतात हे खरे आहे, पण त्याहून मोठे कारण दुसरे आहे. काशीत स्वस्तात राहायचे म्हणजे धर्मशाळा, आणि तिथल्या कित्येक धर्मशाळा कुठल्या ना कुठल्या जातीच्या, समाजाच्या किंवा प्रांताच्या मंडळींनी बांधलेल्या आहेत. काही वर्षांपूर्वी आमच्या वस्तीतली पाच कुटुंबे अशाच एका धर्मशाळेच्या दारात उभी होती. नोंदवही पुढे ओढून व्यवस्थापकाने नाव विचारले, गाव विचारले, आधारकार्ड पाहिले. मग म्हणाला, "कौन बिरादरी?" आमच्यातले वडीलधारे मामा म्हणाले, "बौद्ध." त्याने पेन खाली ठेवले. "वह तो ठीक है, उसके पहले?" मामा रेल्वेच्या वर्कशॉपात उभा जन्म घालवलेले, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "उसके पहले भी आदमी ही थे." बायकांनी पिशव्या उचलल्या. लेकरे झोपेने पेंगुळली होती, रात्रीचे नऊ वाजून गेले होते. दोन रिक्षा करून आम्ही सारनाथ गाठले. तिथे एका विहाराच्या अतिथीगृहात भन्तेंनी फक्त एवढेच विचारले, "जेवलात का?"

मुक्कामाचा प्रश्न आपल्यासाठी कधीच निव्वळ भाड्याचा नव्हता. बाबासाहेब १९१७ साली कोलंबिया विद्यापीठाचे शिक्षण घेऊन बडोद्याला नोकरीवर रुजू झाले, तेव्हा त्या शहरात त्यांना राहायला खोली मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांना पारशी नाव लावून राहावे लागले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले लोक आले आणि त्यांना बाहेर काढले. पाठ टेकायला जागा नाही म्हणून तो विद्वान मनुष्य रात्रीची गाडी येईपर्यंत सार्वजनिक बागेत बसून राहिला. ही हकीकत त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे. आज कायदा आपल्या बाजूने आहे. संविधानाचे कलम १५ हॉटेलात जातीवरून मज्जाव करू देत नाही, आणि १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा सर्वांसाठी खुल्या असलेल्या धर्मशाळेचेही नाव घेतो. तक्रार जरूर करावी. पण रात्री नऊ वाजता, कडेवर लेकरू घेऊन, परक्या मुलुखात पोलीस चौकी शोधण्यापेक्षा आधीच योग्य जागी उतरलेले बरे, असे मला वाटते.

सारनाथला महाबोधी सोसायटीची धर्मशाळा आहे. शिवाय निरनिराळ्या बौद्ध देशांचे विहार आहेत आणि त्यांतल्या काहींत यात्रेकरूंना खोल्या मिळतात. कुठे ठरलेले भाडे घेतात, कुठे दान पेटीत टाकायचे असते. दान ऐच्छिक असले तरी वीज-पाण्याचा खर्च कोणीतरी सोसतो हे लक्षात ठेवून हात आखडता घेऊ नये. निघण्यापूर्वी महिनाभर आधी पत्र किंवा फोन करून किती माणसे, किती स्त्रिया, किती मुले हे कळवावे. आपल्या विहाराच्या लेटरहेडवर अध्यक्षांच्या सहीचे पत्र असेल तर आणखी चांगले. परदेशी पाहुण्यांचा मोठा जथा आला की खोल्या मिळत नाहीत, म्हणून गावातल्या घरगुती खोल्यांचीही चौकशी करून ठेवावी. विहारात फाटक रात्री लवकर बंद होते, मद्य-मांस चालत नाही, मोठ्याने गाणी लावता येत नाहीत. ज्यांना हे जड जाईल त्यांनी लॉजच बघावा, विहारात जाऊन कुरकुर करू नये.

स्टेशनाबाहेरच्या रिक्षावाल्यांविषयी एक सूचना. तुम्ही नाव घेतलेली जागा "बंद झाली", "भरली" असे सांगून ते आपल्या ओळखीच्या लॉजवर नेतात, कारण तिथे त्यांना दलाली मिळते. "आमची खोली ठरलेली आहे" एवढेच म्हणावे आणि भाडे बसण्याआधी बोलून घ्यावे. गाडी मध्यरात्री पोहोचणार असेल तर स्टेशनवरची विश्रामखोली तिकिटाच्या पीएनआर नंबरावर आधी राखून ठेवावी आणि उजाडल्यावर निघावे.

कधी जावे, यावरही मुक्काम अवलंबून असतो. मुलांना दिवाळीची सुटी असते म्हणून आपण तेव्हा निघतो, पण त्याच सुमारास छटपूजेसाठी गावी जाणाऱ्या उत्तर भारतीय कामगारांनी गाड्या खच्चून भरलेल्या असतात. आरक्षण आता साठ दिवस आधीच उघडते, तेव्हा तारीख पाठ करून ठेवावी. कार्तिक पौर्णिमेला काशीत देवदीपावली असते आणि खोल्यांचे भाव आकाशाला भिडतात. त्याच पौर्णिमेला सारनाथला मूलगंधकुटी विहाराचा वार्षिक उत्सव होऊन बुद्धधातू दर्शनासाठी ठेवतात. त्या दर्शनासाठी जायचे असेल तर सारनाथची जागा फार आधी ठरवा. डिसेंबर-जानेवारीत धुक्याने गाड्या तासन्‌तास रखडतात. फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य हा काळ मला सर्वांत सोयीचा वाटतो. विदर्भातल्या मंडळींना नागपूरहून संघमित्रा एक्सप्रेस आहे. ती वाराणसीला जात नाही, पंडित दीनदयाल उपाध्याय जंक्शनला, म्हणजे जुन्या मुगलसरायला उतरावे लागते. मुंबईकरांना महानगरी थेट नेते.

सारनाथला राहिल्याचा खरा लाभ सकाळी आणि संध्याकाळी कळतो. बसने आलेली गर्दी निघून गेल्यावर मूलगंधकुटी विहारात सूत्रपठण होते. हा विहार अनागारिक धर्मपालांच्या खटपटीतून १९३१ साली उभा राहिला. आतल्या भिंतींवरची बुद्धचरित्राची चित्रे कोसेत्सु नोसू या जपानी चित्रकाराची आहेत. सकाळी लवकर धमेक स्तूपाला प्रदक्षिणा घालताना शेजारी फारसे कोणी नसते. शेजारच्या धर्मराजिक स्तूपाचा फक्त गोल पाया उरला आहे. १७९४ साली जगतसिंगाच्या माणसांनी विटांसाठी तो पाडला, त्यांतून काशीत जगतगंज बाजार बांधला, आणि आत सापडलेल्या अस्थी गंगेत सोडल्या. मुलांना हे तिथे उभे करून सांगावे. भिक्खूंनी, उपासकांनी जतन केलेले काय झाले हे पुस्तकातून तेवढे समजत नाही.

काशीच्या दिवसात घाट पाहावेतच, पण कबीरचौरा चुकवू नये. बुद्ध आणि फुले यांच्याबरोबर बाबासाहेबांनी कबीरांना गुरू मानले. विद्यापीठाच्या बाजूला सीर गोवर्धनपूर येथे संत रविदासांचे जन्मस्थान आहे. माघ पौर्णिमेला पंजाबातून लाखो माणसे तिथे येतात, तेव्हा त्या चार दिवसांत काशीत मुक्कामाची आशाच धरू नये. खुद्द बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेहून परतताना काशीला आले होते, महापरिनिर्वाणापूर्वी अवघे काही दिवस.

सारनाथचे वस्तुसंग्रहालय शुक्रवारी बंद असते. अशोकस्तंभाचे चार सिंह, आपल्या राजमुद्रेचे मूळ, तिथे आहेत. आमच्याबरोबरच्या एका आक्कांनी त्यांच्यासमोर चप्पल काढून ठेवली, रखवालदार नको म्हणत असताना. परतीचे तिकीट काढताना वार नीट बघून घ्या.