साउंड ओके

‘साउंड ओके. कस्टमर हिअरिंग प्रॉब्लेम.’

जॉबशीटवर निळ्या बॉलपेननं एवढंच लिहिलेलं होतं, आणि खाली आईची सही. मी बँकेतून घरी येईपर्यंत सर्व्हिसचा मुलगा व्हिजिटचे पैसे घेऊन, आईच्या फोनवर आलेला ओटीपी घेऊन निघून गेला होता. आईनं तो कागद कालनिर्णयच्या मागे खोचून ठेवला होता. मी विचारल्याशिवाय तिनं तो काढला नाही. वाचून मी भडकले, तर म्हणाली, “लिहिलंय ते खरंच असेल गं. वय झालं आता.” त्यानंतर कितीतरी दिवस तिनं टीव्ही लावलाच नाही. विचारलं की म्हणायची, डोळे दुखतात.

आई एकोणऐंशीची आहे. तीस-पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. तिच्या वर्गात मागच्या बाकावर कुणी कुजबुजलं तर कोण कुजबुजलं हे फळ्याकडे तोंड असताना सांगायची, ही तिच्या जुन्या विद्यार्थ्यांनी मला ऐकवलेली गोष्ट. सांगलीत वाढलेली, त्यामुळे नाटकाचं वेड ओघानं आलं. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी इथं ‘सीता स्वयंवर’ केलं, ही गोष्ट इथल्या माणसाला जन्मतःच माहीत असते. भावे नाट्यमंदिरातलं शेवटच्या रांगेतलं तिकीट तिला परवडायचं आणि तिथून तिला सगळं ऐकू यायचं. आता गुडघ्यांमुळे नाट्यगृह सुटलं. यूट्यूबवरची जुनी नाटकं हाच तिचा आधार.

टीव्ही घेण्याचं कारण साधं होतं, जुना बिघडला. बत्तीस इंचांहून मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५पासून २८ टक्क्यांचा १८ झाला, दिवाळी तोंडावर होती, पुण्याहून भाऊ रोज फोन करून “मोठा घे, मोठा घे” म्हणत होता. मी गेले.

दुकानात भिंतभर टीव्ही लावलेले आणि सगळ्यांवर एकच चित्रफीत. लाल-निळे पोपट, चमच्यावरून ओघळणारा मध, रात्रीच्या शहरावरून उडणारा कॅमेरा. रंग इतके भडक की त्या पोपटालाही आपण असे आहोत हे पटलं नसतं. मी सेल्समनला म्हटलं, आमच्याकडे पोपट बघत नाहीत, एक जुनं नाटक लावून दाखव. तो म्हणाला, “नेट स्लो आहे, मॅडम.” मी माझ्या फोनचा हॉटस्पॉट दिला. मग नाइलाजानं लावलं.

खरा टीव्ही तेव्हा दिसतो. दूरदर्शनच्या काळात चित्रित झालेल्या नाटकाच्या चित्रात आडव्या रेषा ५७६, आणि ४के पडद्यावर त्या २१६०. मधल्या सगळ्या रेषा टीव्हीच्या चिपनं स्वतःच्या मनानं भरायच्या. काही टीव्ही ते बरं करतात, काहींवर नटांचे चेहरे मेणाचे होतात. शिवाय जुनं चित्र चारास तीन, पडदा सोळास नऊ. सेल्समननं लगेच रिमोट दाबून चित्र पडदाभर ताणलं आणि नायिका बघता बघता दहा-पंधरा किलोनं वाढली. “आता बघा, फुल स्क्रीन!” मी ते परत मूळ मापावर आणायला लावलं. दोन्ही बाजूंच्या काळ्या पट्ट्या त्याला बघवत नव्हत्या.

मग मी टीव्हीच्या अगदी बाजूला जाऊन उभी राहिले. आईची खुर्ची खिडकीशी, म्हणजे कोपऱ्यात. व्हीए पॅनेलचा काळा रंग समोरून छान दिसतो, पण कोपऱ्यातून चित्र फिकं पडतं. आयपीएस पॅनेलमध्ये काळा रंग तितका गडद नसतो, पण बाजूनं बघितलं तरी चित्र टिकतं. हे दोन शब्द मी उच्चारल्यावर तो आत जाऊन कुणाला तरी विचारून आला आणि म्हणाला, “सगळे सेमच असतात, मॅडम.” आमची बैठक भिंतीपासून आठ-नऊ फुटांवर. तेवढ्या अंतराला पंचावन्न इंच पुरतो. पासष्टचा आग्रह मी मोडून काढला. ४केबद्दलही कुणी सांगत नाही की नेटफ्लिक्सवर ते सगळ्यात वरच्या प्लॅनमध्येच मिळतं आणि त्याला १५ एमबीपीएसचा सलग वेग लागतो.

चित्राची एवढी परीक्षा घेतली, पण आवाजाची घेणार कशी? शेजारच्या काउंटरवर गाणी ढणढणत होती, मिक्सरचा डेमो चालू होता. टीव्हीच्या दुकानात बघायची सोय असते, ऐकायची नसते. आजतागायत मला असं एक दुकान दिसलेलं नाही जिथं टीव्हीचा आवाज शांतपणे ऐकवतात.

घरी टीव्ही भिंतीवर चढला आणि आई म्हणाली, “चित्र सुरेख आहे, पण बोलतायत काय?”

जुन्या खोक्याच्या टीव्हीला पोट होतं आणि स्पीकर तोंडाकडे होता. आताचा टीव्ही पाटीसारखा सपाट. त्याचे दोन चिमुकले स्पीकर खालच्या कडेला, जमिनीकडे तोंड करून. आवाज आधी कपाटावर आदळतो, मग आपल्याकडे येतो. त्यात नव्या मालिका-सिनेमांचा आवाज पाच-सहा स्पीकरांसाठी बांधलेला असतो. त्यातला मधला स्पीकर मुख्यतः संवादांचा. टीव्हीकडे दोनच, म्हणून संवाद, पार्श्वसंगीत, पाऊस, गाड्या सगळं त्या दोघांत कोंबलं जातं. कुजबूज आली की आवाज वाढवा, हाणामारी आली की कमी करा. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला, साउंडबार घ्या, त्याच कंपनीचा घ्या, म्हणजे कटकट नको. बरोबर एक महागडी ‘८के’ केबलही गळ्यात मारत होता. ती मी घेतली नाही. ऑनलाइन अ‍ॅपचा आवाज, अगदी अ‍ॅटमॉससुद्धा, साध्या एआरसीमधून, म्हणजे टीव्हीचा आवाज साउंडबारकडे नेणाऱ्या जोडणीतून जातो. ईएआरसीची, म्हणजे तिच्याच नव्या आवृत्तीची खरी गरज ब्लू-रेच्या भारी आवाजाला.

साउंडबार आला तो २.१, म्हणजे डावा, उजवा आणि जमिनीवर ठेवायचा वूफर. मधला नाहीच. वूफर लागला आणि खालच्या मजल्यावरचे काका वर आले. संवाद आणखी बुडाले, कारण खर्जातला आवाज त्याच्या वरचे बारीक आवाज गिळतो. तक्रार नोंदवली. तो मुलगा आला. त्या दुपारी घरात आई एकटी होती.

आईकडून मी ते सगळं पुन्हापुन्हा वदवून घेतलं आहे. तो आला, चपला काढल्या, पाणी प्यायला. चांगला होता, असंही ती सांगते. त्यानं केबल काढली आणि साउंडबार ब्लूटूथवर जोडला, “वायरची भानगड नको, आज्जी” म्हणून. स्वतःच्या फोनवरून एक गाणं लावलं. वूफर धडधडला. “बघा, साउंड ओके आहे की ओ.” आई म्हणाली, गाणं नको, नाटक लाव. त्यानं लावलं. आई थोडा वेळ बघून म्हणाली, “ओठ हलतात आणि शब्द नंतर येतात.” तो म्हणाला, असं काही नाही. आई म्हणाली, आहे. मग त्यानं मेनूत जाऊन एव्ही सिंक नावाचं काहीतरी वाढवलं. शब्द आणखी मागे पडले. मग त्यानं विचारलं, “आज्जी, वय किती तुमचं?”

इथं माझं डोकं अजून फिरतं. ब्लूटूथमध्ये आवाज मागे पडतो, ही काही गुप्त विद्या नाही. ओठांच्या मागून आवाज साधारण १२५ मिलिसेकंदांनी आला की माणसाच्या लक्षात येऊ लागतं, हे आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेच्या प्रसारण-शिफारशीत लिहिलेलं आहे. सेकंदाचा आठवा भाग! तेवढी चूक जिच्या लक्षात आली, तिलाच त्यानं बहिरं ठरवलं. आणि एव्ही सिंकच्या त्या सेटिंगनं आवाज फक्त उशिरा करता येतो, लवकर करता येत नाही. आवाज आधीच मागे असेल तर चित्र थांबवायला हवं, आणि ते ही सेटिंग करत नाही. म्हणजे त्यानं केलेला उपाय हाच बिघाड होता. हे त्याला माहीत नसेल, तर त्याला न शिकवता घरोघर पाठवणाऱ्यांचा दोष. दिवसाला किती कॉल बंद केले यावर त्याचा पगार ठरत असेल, हेही मला कळतं. पण मग ‘नो फॉल्ट फाउंड’ लिहून जा. म्हाताऱ्या बाईच्या कानावर शेरा मारून त्याखाली तिचीच सही घ्यायची, हा अधिकार त्याला कुणी दिला?

आणि तो ओटीपी. ओटीपी दिला की तक्रार ‘ग्राहकाच्या समाधानानं’ बंद. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा पलीकडची मुलगी गोड आवाजात सांगत होती की आपली समस्या सोडवली गेली आहे, पाचपैकी किती गुण द्याल? घरात वडीलधारी माणसं असणाऱ्यांना माझं एकच सांगणं आहे. बँकेचा ओटीपी देऊ नका हे आपण त्यांच्या मनावर बिंबवलं, तसंच काम मनाजोगतं झाल्याशिवाय मेकॅनिकलाही ओटीपी देऊ नका हे बिंबवा. माझी अर्धी नोकरी काउंटरवर लोकांना ओटीपी शिकवण्यात गेली. माझ्याच घरात हे झालं.

मी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली. काही आठवड्यांनी व्हिजिटचे पैसे परत आले. शेरा मात्र पुसला नाही, सिस्टिममध्ये गेलेला रिमार्क बदलता येत नाही म्हणे. “पैसे मिळाले ना, मॅडम?” मिळाले. पण मला पैसे नको होते.

दरम्यान मी आईला मिरजेला कानाच्या तपासणीला नेलं. खरं सांगायचं तर त्या कागदाला उत्तर म्हणून नेलं. कान उत्तम आहेत असा रिपोर्ट आणायचा आणि कंपनीच्या तोंडावर मारायचा. रिपोर्ट तसा आला नाही. दोन हजार हर्ट्झच्या पुढे रेघ खाली घसरत गेलेली. तपासणाऱ्या बाईंनी फार छान समजावलं. स्वर खालच्या पट्टीत असतात आणि बोलण्याला आवाज देतात. स, श, फ, च असली व्यंजनं वरच्या पट्टीत असतात आणि शब्दाला अर्थ देतात. वयानं आधी वरची पट्टी जाते. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, आवाज येतोय पण शब्द कळत नाहीत. आवाज वाढवला की स्वर वाढतात, व्यंजनं तिथल्या तिथं. मग ती माणसं नकळत ओठ वाचू लागतात. आईला तो उशीर का टोचला, ते मला तिथं कळलं. ती निम्मं डोळ्यांनी ऐकते. ब्लूटूथनं तिचा तो आधारच काढून घेतला होता.

म्हणजे त्या मुलानं लिहिलं ते खोटं नव्हतं. याचा मला उलट जास्तच राग येतो. खोटं असतं तर भांडता आलं असतं.

पुढचं भाच्यानं केलं. २.१ बार तो स्वतःच्या खोलीवर घेऊन गेला आणि ३.१ आणला, मधला स्पीकर असलेला. वूफरचा आवाज पार खाली. टीव्हीच्या एआरसी लिहिलेल्या भोकात केबल, मेनूत आवाज पीसीएमवरून पास-थ्रूवर, म्हणजे टीव्हीनं मध्ये न पडता तो जसाच्या तसा बारकडे द्यायचा. नाटकाच्या जुन्या एकपदरी ध्वनिमुद्रणाचं काय, ही मला शंका होती. पण डावीकडे-उजवीकडे सारखंच असेल ते मधल्या स्पीकरकडे ढकलायची सोय त्या बारमध्ये आहे. रात्रीसाठी नाइट मोड, म्हणजे कुजबूज वर आणि स्फोट खाली. आई पुन्हा नाटकं बघते. सगळं कळतं असं नाही. जिथं कळत नाही तिथं पूर्वी नाट्यगृहात ऐकलेलं वाक्य ती स्वतःच म्हणते, आणि ते बरोबर असतं.

दुकानातल्या भडक चित्रफितीला मी इतकी नाकं मुरडली, पण रात्री आई झोपल्यावर त्याच टीव्हीवर मी हिमालयावरून उडणाऱ्या कॅमेऱ्याचे ४के व्हिडिओ बघत बसते, आवाज बंद करून. दुकानातल्या पोपटांसारखेच आहेत ते. आवडतात.

मागच्या महिन्यात आमच्या समोरचं निवृत्त जोडपं टीव्ही घ्यायला निघालं. मी त्यांना बसवून सांगितलं. फोनवर एक जुनं नाटक घेऊन जा, कोपऱ्यातून बघा, मधला स्पीकर आहे का विचारा, काकूंना बरोबर न्या आणि संवाद त्यांनाच ऐकायला लावा. ते मान डोलावत गेले आणि पासष्ट इंचाचा टीव्ही, २.१ बार आणि ती ८के केबल घेऊन आले. ऑफर होती म्हणे.