पाणावलेले पण कोरडे डोळे

सुरतेच्या वराछा भागात हिऱ्यांना पैलू पाडणारे हजारो कारागीर आहेत. आमच्या धर्मग्रामातील एक तरुण तेथेच कामास आहे. आम्ही भेटावयास गेलो, तेव्हा त्याचे लाल डोळे एकसारखे पाझरत होते. "फादर, संध्याकाळी हिऱ्याची कड पुसट दिसते, पापणी मिटली की क्षणभर स्पष्ट होते. दृष्टी जाणार तर नाही ना?"

आम्ही त्यास नेत्रवैद्यांकडे नेले. डोळे कोरडे पडले आहेत, असे ते म्हणाले, तेव्हा आम्हांस हसू आले. ते हसू अज्ञानाचे होते. डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो. त्यावरील तेलकट साय त्यास सुकू देत नाही. भिंगातून टक लावून पाहणारा पापण्या फार कमी मिटतो. मग थर फाटतो, बुबुळास टोचते आणि पाण्याचा लोंढा येतो. परंतु त्याने थर सांधत नाही. दुर्लक्ष झाल्यास बुबुळावर ओरखडे, क्वचित व्रणही पडतात.

शेजाऱ्याच्या सांगण्यावरून त्याने दुकानातून आणलेले थेंब तीन महिने घातले होते. ते स्टेरॉइडचे निघाले! त्यांनी लाली लपते, परंतु डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो. पवित्र शास्त्रातील तोबिताचे डोळेही वैद्यांच्या लेपांनी अधिकच गेले होते.

आता कृत्रिम अश्रूंचे थेंब, पापण्यांना ऊन शेक आणि कामात अधूनमधून डोळे मिटणे, एवढे उपचार चालू आहेत.

"आईस सांगू नका," असे तो निघताना म्हणाला. आम्ही सांगितले. दाब वाढलेला नव्हता, हेही सांगितले.