मामांच्या ट्रंपेटचे तोंड

मुंबईचा माणूस वरचेवर बदलापूरला जाऊ लागला, की लोकांना दोनच कारणे सुचतात. एक तर त्याने तिथे प्लॉट घेतलेला असतो, नाही तर त्याची सासुरवाडी तिथली असते. मी मात्र गेल्या कार्तिकात कल्याणपुढची तीन गावे चार वेळा पालथी घातली, ती साडेतीन इंच लांबीच्या एका पितळी तुकड्यासाठी. घरच्या मंडळींनी मला वेड्यात काढले. ते फारसे चुकले, असेही म्हणवत नाही.

आमचे मामा अंबरनाथच्या विमको काडेपेटी कारखान्यात फिटर होते आणि लग्नसराईत बँडमध्ये ट्रंपेट वाजवीत. ‘अलबेला’ हे त्याचे मूळ. १९५१ साली आलेल्या त्या बोलपटाची सी. रामचंद्रांची गाणी त्यांनी ऐकली आणि ह्या वाद्याच्या नादी ते कायमचे लागले. चिक चॉकलेट या नावाने गाजलेले अँटोनियो झेवियर वाझ हे गोव्याचे ट्रंपेटवादक त्यांचे दैवत. तेव्हा सिनेमाचे वाद्यवृंद गोव्याच्या वादकांनी भरलेले असत. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी शिकलेली ही मंडळी मुंबईत धोबीतलावाच्या आसपास, आपापल्या गावांच्या ‘कूडां’त राहत. अशाच एका गोवेकराकडून मामांनी १९६२ साली एक जुना ट्रंपेट विकत घेतला. कोरलेले नाव तेव्हाच झिजले होते. आज ‘लंडन’ एवढेच वाचता येते.

२६ जुलै २००५ ला उल्हास नदी मामांच्या घरात शिरली. ट्रंपेट उंच खुंटीवर होता, तो वाचला. माउथपीस टेबलाच्या खणात होता आणि टेबल नदीने नेले. तेव्हापासून वीस वर्षे तो ट्रंपेट मुका होता. मामा दर दसऱ्याला त्याला पुसत, फूल वाहत आणि पुन्हा टांगत.

आता नातीचे लग्न मार्गशीर्षात ठरले. मामांचा मला फोन आला, “भाच्या, एक माउथपीस बघ रे. पोरीच्या हळदीला चार सूर काढीन म्हणतो.”

मागून मामींचा आवाज आला, “तोंडात कवळी आहे, वय चौऱ्याऐंशी, आणि म्हणे ट्रंपेट!”

मला वाटले, माउथपीस म्हणजे विजेचा दिवा. कुठलाही आणा, बसतो. मुंबईतून एक चकचकीत नवा घेऊन बदलापूर गाठले. मामांनी तो ट्रंपेटात घातला, दोन बोटांनी फिरवून पाहिला आणि परत माझ्या हातात ठेवला.

“शेपटी जाड आहे,” ते म्हणाले.

मग त्यांनी मला शिकवणी दिली. माउथपीसला ओठ टेकतात ती कड. तिच्या आत वाटी. वाटीच्या तळाशी बारीक भोक. आणि पुढे रुंदावत जाणारी नळी, जिची शेपटी वाद्यात शिरते. आजच्या बहुतेक ट्रंपेटांत शेपटी सुमारे इंचभर आत जाते. जुन्या वाद्यांची तोंडे मात्र एकाच मापाची नसत, काहींची अरुंद असत. तिथे नवी शेपटी मध्येच अडते. शेपटीचे टोक आणि वाद्याच्या आतल्या नळीची सुरुवात यांत थोडी मोकळी जागा राहते. ती किती असावी यावर वादकांत भांडणे आहेत, पण ती भलतीच वाढली की सूर सैल होतात, वरचे स्वर हाताला लागत नाहीत. आमचा नवा माउथपीस तीन मिलिमीटर बाहेर राहिला होता. मामांनी तरी फुंकला. जे बाहेर आले त्याला सूर म्हणणे म्हणजे शिट्टीला सनई म्हणणे होय. शेजारची म्हैस मान वळवून पाहू लागली. मामा काही बोलले नाहीत, पण ट्रंपेट खुंटीवर अडकवताना त्यांचा हात थरथरला. तो मी पाहिला, आणि हे काम अंगावर घेतले.

बँडवाल्यांनी उल्हासनगरचा रस्ता दाखवला. दुसऱ्या महायुद्धातली कल्याणची लष्करी छावणी फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना राहायला दिली गेली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिचे उल्हासनगर झाले. लोक अजून ‘एक नंबर कॅम्प’, ‘पाच नंबर कॅम्प’ असेच पत्ते सांगतात. सर्वस्व सिंधमध्ये टाकून आलेल्या माणसांनी ह्या बराकींत असा उद्योग मांडला, की मागाल ती वस्तू इथे बनू लागली. तिच्यावर ‘मेड इन यू.एस.ए.’ असे छापायचे. कोणी हटकलेच तर अर्थ तयार, उल्हासनगर सिंधी असोसिएशन! विनोद जुना आहे, पण मला तो तिथल्याच दुकानदाराने हसत हसत ऐकवला.

“साईं, वाजवणारा कोण?” त्याने पहिल्याच दमात विचारले. मी आपला ट्रंपेटचे वर्णन करीत होतो. याला माणूस हवा होता. कवळीचे सांगताच त्याने समोरचे तीन डबे बाजूला सारले आणि एक कापडी पिशवी उपडी केली. तीत मेरठचे माल होते. मेरठची जली कोठी म्हणजे आपल्याकडच्या बँडवाद्यांचे माहेर. पिशवीत परदेशी मालही होता आणि कुठला ते देवच जाणे असाही. आकड्यांची गंमत त्याने सांगितली. बाख पद्धतीत आकडा लहान तितकी वाटी रुंद, आणि अक्षर पुढचे तितकी ती उथळ. शिकाऊ मुलाला सहसा ‘७ सी’ देतात. उथळ वाटीचा आवाज लखलखीत, खोल वाटीचा मऊ.

“बुढ्ढ्या माणसाला पातळ कड देऊ नका, ओठ कापते. रुंद कड, जरा खोल वाटी. वरचे सूर कमी निघतील, पण निघतील ते गोड.”

त्याने दोन नग परतीच्या बोलीवर दिले, वर एक जुना कॉर्नेटचाही. बदलापूरला तिन्ही लावून पाहिले. कॉर्नेटची शेपटी बारीक, ती आत जाऊन डुगडुगू लागली. मामांनी तिला पतंगाचा कागद गुंडाळला, ही बँडवाल्यांची जुनी युक्ती. पण आवाज कोंडलेला. रुंद कडेचा ओठांना मानवला. मामांनी नुसता माउथपीसच ओठांना लावून भुंग्यासारखा गुणगुणवला आणि मामींकडे पाहिले. मामी भाजी निवडत होत्या, त्यांनी मान वर केली नाही. पण त्याचीही शेपटी जाडच!

तेव्हा अंबरनाथ. लेथमशिनीचे काम करणारे हात ह्या गावात गल्लोगल्ली सापडतात. मामांच्या ओळखीचे एक निवृत्त टर्नर निघाले. त्यांनी व्हर्नियरने शेपटी दोन ठिकाणी मोजली आणि कागदावर गणित मांडले. उतार वीसास एक, म्हणजे वीस मिलिमीटर लांबीत एक मिलिमीटर जाडी घटते. तीन मिलिमीटर आत जायचे तर जाडी दीडदशांश मिलिमीटर कमी करायची. जाड कागदाच्या एका पानाएवढी!

“आणि चांदीचा मुलामा निघेल त्याचे?” मी विचारले.

“शेपटीला कोण तोंड लावतो, साहेब? कड शाबूत राहिली म्हणजे झाले. एकदम नाही घेणार. पितळ काढता येते, परत लावता येत नाही. तासाभराने या.”

तो तास मी शिवमंदिरात काढला. शके ९८२ चा, म्हणजे १०६० सालचा शिलालेख असलेले हे शिलाहारांचे देऊळ मी कितीदा पाहिले असेन. पण त्या दिवशी पायऱ्या उतरून गाभाऱ्यात गेलो तो देवाकडे माझे लक्षच नव्हते. मन लेथवर होते.

माउथपीस बसला. किती सहज! मामांनी तो घालून अर्धा फेरा दिला आणि तो जागच्या जागी धरला गेला. पहिल्या फुंकीला नुसती हवा. दुसरीलाही. तिसऱ्या वेळी खालचा एक लांब सूर निघाला, कापरा, पण गोल. आणि मामींच्या हातची मेथीची जुडी हातातच राहिली.

पुढचे पंधरा दिवस रोज संध्याकाळी दहा मिनिटे रियाज. त्याहून अधिक मामी देईनात. हळदीच्या रात्री बँडच्या पोरांच्या कीबोर्डशी सूर जुळेना, कारण ट्रंपेट चढा बोलत होता. इंग्रजी बँडांत एके काळी ‘ए’ स्वर ४५२ कंपनांच्या आसपास धरीत, आता ४४० धरतात. तेव्हा हे वाद्यही त्याच काळातले असावे. मामांनी जुळणीची नळी बाहेर ओढली, आणखी ओढली, मान हलवली. मग ‘अलबेला’तल्या एका चालीच्या दोन ओळी वाजवल्या. वरचा एक स्वर निसटला. नातीने टाळ्या वाजवल्या तेव्हा तिच्या हातांची हळद माझ्या सदऱ्यावर उडाली. मामांनी ट्रंपेट बँडमधल्या एका पोराच्या हाती दिला, पण माउथपीस काढून घेऊन. पोराने आपला लावून पाहिला. तो अर्थातच तीन मिलिमीटर बाहेर राहिला, आणि मामा मनापासून हसले.

रात्री मामी म्हणाल्या, “द्या इकडे, खणात ठेवते.”

“खणात नको,” मामा म्हणाले, आणि त्यांनी तो रुमालात गुंडाळून पिशवीत घातला व पिशवी ट्रंपेटच्याच खुंटीला अडकवली.