वाटाड्या

पन्हाळ्यास मी किती वेळां गेलों असेन याची मोजदाद करणें कठीण आहे. ज्याचें सारें आयुष्य कोल्हापुरांत गेलें त्याला पन्हाळा हा गड आहे असें वाटतच नाहीं. आल्यागेल्या पाहुण्यांना दाखवावयाची ती घरांतलीच एक वस्तु होऊन बसते. दाखविण्याचा क्रमहि ठरलेला. अंबारखान्याच्या प्रचंड कोठारांत शिरून एक हाळी द्यावयाची, तीन दरवाज्यावरील नक्षी न्याहाळावयाची, अंधारबावीच्या पायऱ्या उतरतांना बरोबरच्यांना जपून येण्यास बजावावयाचें, सज्जाकोठीवर वारा खावयाचा आणि शेवटीं झुणका-भाकरीवर ताव मारून संध्याकाळच्या आंत घर गांठावयाचें. हा क्रम मी वडिलांचें बोट धरून शिकलों आणि पुढें तीस वर्षें शाळेंतील मुलांना शिकविला.

गडाच्या पश्चिम टोंकाला पुसाटी बुरूज आहे. लहानपणीं एकदां तेथें उभा राहून मीं वडिलांना विचारलें होतें, "त्याच्या पलीकडे काय आहे?" समोर मसाईचें पठार लांबच लांब पसरलेलें होतें. वडील म्हणाले, "पलीकडे लेणीं आहेत, वाड्या आहेत. पुढच्या खेपेस जाऊं." ती खेप आली नाहीं. वडील गेले, मी इतिहासाचा शिक्षक झालों, मसाईच्या पठारावर वर्गांत शेंकडों वेळां बोललों. पण तीन दरवाज्याबाहेर माझें पाऊल कधीं पडलें नाहीं. अखेर वयाच्या अडुसष्टाव्या वर्षीं, गेल्या महिन्यांत, एका सहलवाल्याकडे पैसे भरून मी त्या वाटेला लागलों. आम्ही सातजण होतों. आणि आमच्या पुढें चालणारा एक वाटाड्या होता. पठाराखालच्या एका वाडीचा, चोवीस-पंचवीस वर्षांचा, काटक बांध्याचा पोरगा.

वाटाड्या या प्राण्याविषयीं माझें मत मुळापासूनच चांगलें नव्हतें हें येथें कबूल केलें पाहिजे. तो एकच गोष्ट रोज सांगतो, ती रोज थोडी फुगवितो आणि ऐकणारा तिच्यावर विश्वास ठेवतो. इतिहास शिकविणाऱ्याच्या पोटांत यानें दुखूं लागलें तर नवल नाहीं. त्यामुळें गाडींतून उतरल्यापासून मी त्याच्या चुका धरण्याच्या तयारींतच होतों. पण म्हाळुंग्याकडून चढून आम्ही पठारावर आलों आणि कांहीं वेळ माझें तें शस्त्र म्यानांतच राहिलें. पावसाळा सरत आला होता. नजर पोंचेल तेथवर सोनकीची पिंवळी चादर अंथरलेली. खडकाच्या उथळ खळग्यांतून सांचलेल्या पाण्याच्या कडेला सीतेच्या आंसवांचीं निळीं-जांभळीं फुलें. पठाराचा माथा जांभ्या दगडाचा. त्यावर माती अशी बोटभरच. तेवढ्याशा मातीवर एवढा सोहळा!

वाटाड्यानें १६६० ची गोष्ट सांगितली, आणि चांगली सांगितली. सिद्दी जौहरच्या वेढ्याचे चार महिने, १२ जुलैची ती रात्र, शिवा काशीदाचा आत्मत्याग, पालखी खांद्यावर घेऊन विशाळगडाकडे चिखलांतून धांवणारे मावळे आणि घोडखिंडींत देह ठेवणारे बाजीप्रभु. त्यांत मला खोडण्यासारखें कांहीं सांपडलें नाहीं. उलट त्यानें एक वाक्य सहज टाकलें तें मला पुस्तकांत कधीं भेटलें नव्हतें. तो म्हणाला, "सर, पौर्णिमा होती, पण ढगात चांदणं कुठलं? ह्या पठारावर पावसाळ्यात धुकं पडलं की आम्हांला आमची म्हस दिसत न्हाई, तर दुश्मनाला पालखी काय दिसणार?" मीं मान हलविली. एवढी दाद पुरे, असें मला वाटलें.

पठाराच्या कडेवरून एक अरुंद वाट खालीं उतरते. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. त्या कड्याच्या पोटांत पांडवदऱ्याचीं लेणीं आहेत. पायाखालीं शेवाळ होतें. वाटाड्यानें एकेकाला हात देऊन उतरविलें, मला तर जवळजवळ धरूनच नेलें. लेण्यांच्या तोंडाशीं सगळे उभे राहिल्यावर तो सांगूं लागला. पांडव वनवासांत असतांना येथें आले, एका रात्रींत त्यांनीं हें कोरावयास घेतलें, कोंबडा आरवला आणि काम अर्धेंच राहिलें.

ज्याची मी सकाळपासून वाट पाहत होतों तें हातीं आलें. "हें खरें नाहीं," असें म्हणून मीं त्याचें बोलणें मध्येंच तोडलें आणि पुढें पाव तास बोलत राहिलों. महाराष्ट्रांत जेथें जेथें डोंगरांत लेणें आहे तेथें तेथें लोकांनीं पांडवांना आणून बसविलें आहे. नाशिकच्या लेण्यांचें तेंच झालें. वस्तुतः हे बौद्ध भिक्षूंचे विहार. आषाढी पौर्णिमेनंतर पावसाळ्याचे तीन महिने भिक्षूनें फिरूं नये, एके ठिकाणीं राहावें, असा बुद्धानें घालून दिलेला नियम. त्या वर्षावासासाठीं अशा खोल्या कोरल्या गेल्या. कोंकणांतील बंदरांतून घाट चढून येणारा व्यापार या मुलुखांतून जाई. लेणीं बहुधा अशाच वाटांच्या आधारानें वसत, कारण दानहि त्याच वाटांवरून येई. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ च्या सुमारास जीं उत्खननें झालीं त्यांत सातवाहनांच्या काळची वस्ती उघडी पडली आणि रोमन बनावटीची पोसायडनची कांस्यमूर्ति मिळाली. म्हणजे समुद्रापलीकडचें जग त्या काळीं येथपर्यंत पोंचलें होतें. याच जवळच्या पोहाळ्यास, जोतिबाच्या डोंगराखालीं, असेच विहार आहेत. मीं हेंहि सांगितलें कीं, ज्या आषाढी पौर्णिमेपासून भिक्षु येथें स्वस्थ बसत, त्याच पौर्णिमेच्या रात्रीं शेंकडों वर्षांनीं याच डोंगरावरून एक राजा जिवाच्या आकांतानें धांवत गेला. हें शेवटचें मला तेथेंच सुचलें, आणि आपल्या बुद्धीचें मला कौतुक वाटलें.

मंडळी खूष झाली. कुणी टिपून घेतलें. एका बाईंनीं विचारलें, "मग आपण आतां सरांबरोबरच लेणीं पाहूं या ना?" आणि सगळे माझ्यामागून आंत आले. वाटाड्या बाहेर एका दगडावर बसून राहिला. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. वर्गांत चुकीचें उत्तर दिलेल्या मुलाच्या चेहऱ्यावर जें असतें तें होतें. आणि तें ओळखण्याचा माझा तीस वर्षांचा सराव असूनहि मीं तें ओळखलें नाहीं.

तेथून वाड्यांकडे जातांना तो मुकाट्यानें चालत होता. "सर, जपून", "इथनं या" याखेरीज शब्द नाहीं. सकाळीं झाड दिसलें कीं झाडाचें नांव आणि दगड दिसला कीं दगडाची कथा सांगणारा हा मुलगा गप्प झाला आणि तो डोंगरहि आमच्यापुरता मुका झाला. आम्ही पाहत होतों, पण काय पाहत होतों हें कळत नव्हतें. उतारावर भाताचीं आणि नाचणीचीं लहान लहान खाचरें लागलीं. गव्यांच्या भीतीनें बांधलेल्या माळ्या दिसल्या. त्याच्या वाडींत पोंचलों तेव्हां दुपार कलली होती. वाडींत मोजून पंधरा-वीस घरें; त्यांतल्या निम्म्यांना कुलुपें. कुणी मुंबईस, कुणी इचलकरंजीस मागावर, कुणी कोल्हापुरास.

जेवण त्याच्या घरींच ठरलें होतें. नाचणीची भाकरी, पिठलें, खर्डा आणि दही. वाढावयास त्याची आई, चुलीपाशीं आजी. मीं पाट ओढून आजीशीं बोलावयास बसलों. ती म्हणाली, "दऱ्यात जाऊन आलासा न्हवं? माझं मालक गुरं घेऊन त्या खोल्यांत ऱ्हायचं. वारं-पाऊस सुटला की चार-चार दिस खाली येणं व्हायाचं न्हाई." मग नातवाकडे वळून तिनें विचारलें, "पांडवांची गोष्ट सांगितलीस का रं ह्यास्नी? आज्ज्याची?"

मी हातांतला घांस हातांतच धरून राहिलों. "सांगितली की," तो म्हणाला, "सगळ्यांनी ऐकली." आणि पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर गेला.

जेवणानंतर मी त्याच्यामागोमाग पडवींत आलों. माफी मागावयाची असें मनांत योजलें होतें. पण शिक्षकाच्या तोंडाला तो शब्द लवकर येत नाहीं. मी म्हणालों, "तुला मीं सर्वांसमोर असें बोलावयास नको होतें." तो हंसला. "सर, तुमचं काय चुकलं न्हाई. ती बौद्धांची हाईत ते मला ठावं हाय. बारावीपतुर शिकलोय मी." "मग तूं पांडवांची गोष्ट कां सांगतोस?" त्यानें क्षणभर विचार केला. "पुस्तकातलं पुस्तकात हाईच. कुणीबी वाचंल. आज्ज्याचं सांगणं कुठंच लिवलेलं न्हाई. मी सोडलं तर ते गेलं. आणि सर, दुसरी एक गोष्ट. पांडवांची जागा म्हणून आमच्या मानसांनी तिथला एक दगड काढला न्हाई. घरं बांधली ती दुसरीकडचा दगड आणून. निसती रिकामी गुहा म्हटली असती तर कवाच फोडली असती."

यावर मला उत्तर सुचलें नाहीं, आणि अजूनहि सुचलेलें नाहीं. कार्ल्याच्या चैत्याच्या दारांत एकवीरेचें देऊळ आहे. देवीसाठीं येणारे कोळी बांधव शतकानुशतकें त्या लेण्याच्या अंगणांत पाय ठेवीत आले. भिक्षु निघून गेल्यावर विद्वान् येईपर्यंतचा जो दीर्घ काळ, त्याला आम्ही पुस्तकांत एक कोरी ओळ सोडतों. त्या कोऱ्या ओळींत पांडवदऱ्याची वाट कुणी मोडूं दिली नाहीं? पावसांत कोणत्या खोलींत ओल येत नाहीं हें कुणाला ठाऊक होतें? ज्या कारणासाठीं त्या खोल्या कोरल्या, पावसांत अडकलेल्या माणसाला आसरा, तें कारण शेवटपर्यंत पाळलें तें त्या आजीच्या धन्यानें, गुरांसह. आणि माझ्या पाव तासाच्या व्याख्यानांत तो कोठेंहि नव्हता.

याचा अर्थ असा नव्हे कीं, मीं सांगितलें तें सांगावयास नको होतें. लेणीं पांडवांनीं कोरलेलीं नाहींत. तें खरें तें खरेंच. परंतु त्या भिक्षूंचें नांव त्यांना परत मिळवून देतांना दुसऱ्या कुणाच्या तोंडांतला शब्द हिसकून घ्यावा लागत नाहीं, एवढें मला अडुसष्ट वर्षांत कळावयास हवें होतें. घरदार सोडून डोंगरांत आलेल्यांच्या खोल्या मीं तासभर कौतुकानें दाखविल्या. डोंगर सोडून निघालेल्यांचीं कुलुपें लावलेलीं घरें मात्र पांच मिनिटांत ओलांडलीं.

गाडीची वाट पाहत आम्ही वाडीच्या तोंडाशीं बसलों. पन्हाळ्याकडचें आकाश तांबडें झालें होतें. गेल्या वर्षीं, २०२५ च्या जुलैंत, या गडाची जागतिक वारशांत गणना झाली तेव्हांपासून माणसें वाढलीं काय, असें मीं त्याला विचारलें. गडावर वाढलीं असतील, इकडे फारशीं नाहींत, असें तो म्हणाला. आणि दिवाळीनंतर आपण शिरोलीस एका कारखान्यांत कामाला लागणार आहों, हेंहि त्यानें तसेंच, गाडीची वेळ सांगावी तसें, सांगितलें.

मी म्हणालों, "तुझ्या आज्यानें सांगितली तशी, सगळी, पहिल्यापासून, ती गोष्ट मला सांग."

त्यानें अंधारत चाललेल्या झाडीकडे पाहिलें. "आता नको सर. गवं उतरायची येळ झाली. गाडीबी आली बघा." मग मला आंत चढण्यास हात देत तो म्हणाला, "पुढच्या खेपेला सांगतो."

तो शब्द ऐकून मी कांहीं बोललों नाहीं. दिवाळीला अजून चार आठवडे आहेत. येत्या रविवारीं मी पुन्हा जाणार आहें. या वेळीं एकटाच, आणि ऐकावयास.